पायाचं हाड, दादाचा जबडा



मला सॉफ्टवेअरवर बोलायला सांगितलं होतं. पण मी माझ्या दादाच्या जबड्याबद्दल बोलणार आहे. दादाही याच शाळेचा. दहावीत असतानाच तो पन्नीत खर्रा घोटायला शिकला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात यात नवल काहीच नाही, म्हणूनच बोलते.

तोंडातली जखम त्याने वर्षभर अंगावर काढली. तोवर कॅन्सर खालच्या जबड्याच्या हाडात शिरला होता. लवकर गेला असता, तर कदाचित हाडाची वरची कड काढून भागलं असतं आणि जबडा सलग राहिला असता. आता हाडाचा अख्खा तुकडाच काढावा लागला.

ती जागा पायाच्या हाडाने भरली. नडगीच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला नावाचं बारीक हाड असतं. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते, म्हणून फिब्युलाचा मधला भाग काढता येतो. तो रक्तवाहिन्यांसकट काढतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून टायटॅनियमच्या पट्टीवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. रक्त वाहू लागलं, की हाड जगतं. नुसती पट्टी पुढे मोडू शकते किंवा कातडीबाहेर येऊ शकते. डेव्हिड हिडाल्गो या अमेरिकी सर्जनने १९८९ मध्ये जबड्यासाठी ही पद्धत मांडली.

हाड कुठे, किती अंशात कापायचं, हे सीटी स्कॅनवरून संगणकावर आधीच ठरवता येतं. डॉक्टरांनी पडद्यावर दादाचा जबडा फिरवून दाखवला, तेव्हा माझे हात थरथरले. आमच्या कामात चुकलं तर मागे जाता येतं. इथे नाही.

दादा आता नीट चालतो, बोलतो. भाकर मात्र दुधात कुस्करूनच खातो.

राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. टपरीवर खर्रा आजही घोटला जातो. इथेही काहींचे खिसे फुगलेले दिसतात मला! आज जेवायला बसण्याआधी आरशात तोंड उघडून बघा. स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे. पण जा.

दादा मागच्या रांगेत बसलाय. "माझं नाव घेऊन सांग," असं तोच म्हणाला.