आरंभींच मात

श्रोतेहो, लातूरच्या गंजगोलाईंत १६ रस्ते येऊन मिळतात आणि नवखा पाहुणा घोटाळतो. बुद्धिबळाच्या पटावर तर पहिल्याच चालीला २० वाटा फुटतात: प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. दोन्ही पक्षांच्या दोन दोन चाली होतांच १,९७,२८१ निरनिराळे डाव संभवतात. त्यांपैकीं मात किती डावांत व्हावी? अवघ्या ८!

पांढऱ्यानें राजाकडील उंटाचें प्यादें एक किंवा दोन घरें सरकवावें आणि शेजारच्या घोड्याचें दोन घरें. काळ्यानें राजापुढचें प्यादें एक किंवा दोन घरें काढून वजीर तिरक्या वाटेनें पटाच्या कडेला आणावा, कीं खेळ संपला. पांढऱ्याच्या दोन चालींचा क्रम उलटाहि चालतो. म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. अशी मात जिंकणाराच्या बुद्धीपेक्षां हरणाराच्या औदार्यानेंच होते! लगेच पुढच्या, म्हणजे पांढऱ्याच्या तिसऱ्या चालीला, मात होणारे डाव एकदम ३४७ भरतात.

परंतु हा सारा हिशेब यूरोपीय रीतीचा. जुन्या देशी खेळांत प्यादें सामान्यतः एकच घर चाले. १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत कूटांचें इंग्रजी पुस्तक निघालें, तेंहि यूरोपीय रीतीशीं जुळवूनच. आतां बाकीची मांडणी आजचीच ठेवून प्याद्याची दुहेरी चाल तेवढी काढून घ्यावी. पहिली मात केव्हां होईल?

ते आठहि डाव तत्काळ बाद होतात. घोड्यापुढचें प्यादें एकच घर गेलें, तर तें वजिराच्या वाटेंतच उभें राहतें. नांदेडच्या एखाद्या ओसरीवर पट मांडून बसलेला खेळाडू येथें वजिरापाशींच अडून बसेल. काम करतो तो उंट! पांढऱ्यानें राजापुढचें प्यादें एक घर काढावें; काळा राजाकडील उंटाचें प्यादें एक घर हलवितो. पांढऱ्याचा उंट आपल्या वजिराच्या प्याद्यापुढें येऊन बसतो. काळा राजाकडील हत्तीचें प्यादें एक घर सारतो, आणि उंटाला मारूं शकणारा एकुलता एक पहारेकरी स्वतःच पुढें निघून जातो. तिसऱ्या चालीला उंट काळ्याच्या राजाकडील घोड्याच्या प्याद्यासमोर जातो: शह आणि मात! याहून लवकर मात नाहीं.

आज रात्रीसाठीं आणखी एक कूट, नेहमींच्या रीतीचें. पांढरा राजापुढचें प्यादें दोन घरें टाकून आरंभ करतो आणि काळा आपल्या पांचव्या चालीला घोड्यानें हत्ती मारून मात करतो. मधल्या चाली श्रोत्यांनीं शोधाव्या. सूचना एवढीच कीं, पांढऱ्याचा वजीर वांचविण्याचा मोह धरूं नये.