बीदरचा वजीर आणि लंडनचा चान्सलर

आज बोलायचं आहे ते इंग्लंडच्या थॉमस मोरवरच्या पुस्तकांबद्दल, पण सुरुवात बीदरपासून करतो. १९५६ पर्यंत आपला निलंगा तालुका बीदर जिल्ह्यातच होता. त्याच बीदरमध्ये बहमनी सुलतानाचा वजीर महमूद गवान नांदला. ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाच्याच हुकमाने त्याला ठार केलं. मोर तेव्हा तीन वर्षांचा होता.

मोरचं थोडक्यात सांगतो. 'युटोपिया' लिहिणारा हा विद्वान आठव्या हेन्रीचा चान्सलर झाला. राजाला चर्चचा प्रमुख मानायला त्याने मान डोलावली नाही, म्हणून १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. चारशे वर्षांनी रोमने त्याला संत ठरवलं. जावई विल्यम रोपरने त्याचं चरित्र लिहिलं. १९६० च्या रॉबर्ट बोल्टच्या नाटकात तो सदसद्विवेकाला जागणारा माणूस आहे. हिलरी मँटेलच्या २००९ मधल्या 'वुल्फ हॉल'मध्ये तोच मोर पाखंड्यांच्या मागे लागलेला, कठोर दिसतो. त्याच्या कारकिर्दीत माणसं जाळली गेली, हे खरं आहे. मला दोन्ही पुस्तकं हवीत. एकावर विसंबलं तर एक तर देव हाती येतो, नाही तर राक्षस.

आपल्या गवानबद्दलही असंच वाचायला हवं. इराणातल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ मध्ये दाभोळला उतरला आणि बीदरला वजीर झाला. राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, त्याने आठ केल्या. सुभेदारांचं बळ घटलं, वैरी वाढले. पुढचं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. वैऱ्यांनी त्याच्या चिटणिसाला दारू पाजून कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. मित्रांनी गुजरातेत निघून जायला सांगितलं. तो गेला नाही, सुलतानापुढे उभा राहिला. शिक्का आपला, पत्र आपलं नाही, असं त्याने सांगितलं. नंतर त्याची तिजोरी उघडली, तर थोडकं निघालं. चटईवर झोपणारा, मातीच्या भांड्यात शिजवून खाणारा वजीर होता म्हणे.

हे वाचून गहिवरून येतं. पण त्याच काळात बीदरला आलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची वहीही उघडा. गवानचा उल्लेख तो मलिक-उत-तुज्जार या किताबाने करतो. उमरावांचा चांदीच्या पालख्यांचा थाट आणि रयतेचं दैन्य, दोन्ही त्याने टिपलंय. फिरिश्त्याच्या चटईशेजारी ही उपाशी रयत ठेवल्याशिवाय गवान पुरा होत नाही.

मोर आणि गवान यांना मी एका पारड्यात घालत नाही. मोर श्रद्धेपायी गेला, गवान बनावट कागदापायी. पण मोरवर इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं, वाद घातले. गवानचा मात्र आपल्याला फक्त मदरसा ठाऊक आहे. १४७२ चा, १६९६ च्या स्फोटात अर्धा कोसळलेला.

त्याचं स्वतःचं पुस्तक मात्र शाबूत आहे. 'रियाज-उल-इन्शा' हा त्याच्या फार्सी पत्रांचा संग्रह. त्यात जामी कवीला लिहिलेली पत्रं आहेत, तुर्की सुलतानाला लिहिलेलीही. आपल्या आजोबांनी निजामाच्या शाळेत उर्दू गिरवलं. फार्सीची लिपी तीच, थोड्या फरकाने. या सभागृहातल्या एखाद्या मुलीने वा मुलाने फार्सी शिकावी आणि ही पत्रं मराठीत आणावीत, एवढं मागायला मी आलो आहे.