तारेजवळचं झाड तोडण्याआधी

तुम्ही महाराष्ट्रात असा, इंदूर-बडोद्यात असा की बेळगाव-हैदराबादेत, आजचा विषय तुमच्या दारातलाच आहे. विजेच्या तारेजवळ वाढलेलं झाड किंवा फांदी काढायची असेल, तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, याबद्दल आज बोलू.

चंदीगडचा आराखडा ल कोर्बुझिए यांनी केला, हे आपण ऐकलेलं असतं. कोणत्या रस्त्यावर कोणतं झाड लावायचं, हा विचार करणाऱ्यांत डॉ. महिंदरसिंग रंधावा प्रमुख होते. सनदी अधिकारी आणि वनस्पतींचे जाणकार. त्या काळात लावलेल्या झाडांनी आता साठी-सत्तरी गाठली आहे. काही झाडं तर शहराच्याही आधीची आहेत. ८ जुलै २०२२ रोजी इथल्या सेक्टर ९ मधल्या कार्मेल कॉन्व्हेंट शाळेत असाच एक पिंपळ कोसळला. सुमारे अडीचशे वर्षांचा, वारसा वृक्ष म्हणून नोंदलेला. एका विद्यार्थिनीचा जीव गेला, अनेक मुली जखमी झाल्या.

तिथे प्रश्न तारेचा नव्हता. पण अशी घटना घडली की प्रत्येक जुन्या झाडाकडे माणसं भीतीनं बघू लागतात. भीती वाटणं चूक नाही. पण भीतीतून घाई होते, आणि झाड तारेजवळ असेल तर ती घाई झाडापेक्षा जास्त धोक्याची ठरते.

आधी तार समजून घेऊ. रस्त्यावरून जाणारी ११ हजार व्होल्टची उच्चदाब तार बहुतेक ठिकाणी उघडी असते. तिच्यावर प्लास्टिकचं आवरण नसतं. तिच्याभोवतीची हवा हेच तिचं आवरण. दुसरी गोष्ट, ओलं लाकूड वीज वाहून नेतं. जिवंत फांदीत रस असतो, पावसात साल भिजलेली असते. म्हणजे फांदी तारेला टेकली, की झाडाला हात लावणं आणि तारेला हात लावणं यात फार अंतर राहत नाही. शेवग्याच्या शेंगा काढायची लांब काठी, आंब्याचा झेला, ॲल्युमिनियमची शिडी, या सगळ्या वस्तूंमुळे आपला हात तारेपर्यंत लांब होतो. शेंगा काढताना आपण वर शेंगेकडे बघत असतो, तारेकडे नाही.

तिसरी गोष्ट, तार एका जागी नसते. उन्हानं आणि जास्त भारानं ती तापते, लांबते, खाली येते. वायरमन लोक म्हणतात, तारेला झोल आला. वाऱ्यात ती हेलकावेही खाते. सकाळी दोन हात लांब दिसलेली तार दुपारी तिथेच असेल असं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या खाली झुकून झाडांना लागल्या आणि बंद पडल्या. वेळेवर न छाटलेल्या झाडांपासून सुरू झालेली ही साखळी वाढत गेली, आणि अमेरिका व कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले.

आता मुख्य मुद्दा. वीज गेली आहे म्हणजे तार बंद आहे, असं नाही.

आपल्याकडे भारनियमनाची वेळ साधून फांद्या तोडायची पद्धत आहे. ‘लाइट गेलीय, तेवढ्यात उरकून घे.’ याच्याइतकं घातक वाक्य या विषयात दुसरं नाही. गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येते. तुम्ही झाडावर आहात हे उपकेंद्रातल्या माणसाला माहीत नसतं. शिवाय कुणा शेजाऱ्याचा जनरेटर चुकीच्या पद्धतीनं जोडलेला असेल, तर त्याची वीज उलटी तारेवर येते. ती डीपीतून, म्हणजे रोहित्रातून, उलट्या दिशेनं गेली की घरातल्या दोनशे तीस व्होल्टचे पलीकडे हजारो व्होल्ट होतात. वाहिनी कागदोपत्री बंद, आणि तरी जिवंत!

म्हणून वायरमन काय करतात ते बघा. ते उपकेंद्राकडून परमिट घेतात. म्हणजे ही वाहिनी अमुक माणसाच्या ताब्यात आहे, त्यानं परमिट परत केल्याशिवाय ती कुणी चालू करायची नाही. मग स्विच उघडतात. तार खरंच मेली आहे का, हे उपकरणानं तपासतात. आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडतात, अर्थिंग करतात, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी. यातली एकही पायरी तुम्ही-मी घरी करू शकत नाही. म्हणून तारेजवळच्या झाडाचं काम वीज कंपनीला कळवण्यापासूनच सुरू होतं. १९१२ हा वीज तक्रारीचा क्रमांक देशभर चालतो.

‘जवळ’ म्हणजे किती? अमेरिकेत प्रशिक्षण नसलेल्या कामगारासाठी ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान दहा फुटांचा नियम आहे. आपणही तेवढं मनात धरावं. आणि हे अंतर फक्त माणसाचं मोजायचं नाही. माणूस, त्याच्या हातातलं हत्यार, आणि तुटून पडणारी फांदी, या तिघांचं मोजायचं.

वीज बंद झाल्यावरही झाड तोडणं सोपं नसतं. तारांजवळचं मोठं झाड बुंध्यातून आडवं पाडत नाहीत. वरून खाली, तुकड्या-तुकड्यानं काढतात, प्रत्येक तुकडा दोरानं बांधून उतरवतात. जाड फांदी तीन कापांत काढतात. आधी थोडं बाहेरच्या अंगाला खालून अर्धवट काप, मग त्याच्या पुढे वरून काप, म्हणजे फांदीचा भार निघून जातो आणि खोडाची साल सोलून निघत नाही. शेवटी उरलेलं थोटूक फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याला धक्का न लावता काढायचं. झाड तिथूनच जखम भरतं. वादळात झाड तारेवर पडून अडकलं असेल, तर जास्तच सावध राहायला हवं. ताणलेली तार धनुष्याच्या दोरीसारखी असते. झाड कापलं की ती उसळते, कधी खांबही हलतो.

चंदीगडमध्ये, आणि बहुतेक शहरांत, आणखी एक अडचण असते. रस्त्यावरचं झाड उद्यान विभागाचं, तार वीज कंपनीची. इथली वीज वितरण व्यवस्था १ फेब्रुवारी २०२५ पासून सरकारी खात्याकडून खाजगी कंपनीकडे गेली. म्हणजे अर्ज करताना दोन्हीकडे करावा. तारेला अडथळा करणाऱ्या झाडाबद्दल २००३ च्या वीज कायद्यात कलम ६८ आहे. वीज कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा सरकारनं नेमलेला अधिकारी झाड काढायला सांगू शकतो. आणि झाड तारेच्या आधीचं असेल, तर मालकाला नुकसानभरपाई द्यायची तरतूद त्यातच आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड तुमच्या अंगणात आहे म्हणून ती टळत नाही.

अनेकदा झाड तोडावंही लागत नाही. तारेकडे जाणाऱ्या फांद्या वेळेवर आणि नेमक्या छाटल्या तर पुरतं. शेंडाच छाटून टाकला तर झाड जोरात धुमारे फोडतं. ते भराभर वाढतात, त्यांची पकड कच्ची असते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तेच तारेवर पडतात. आणि नवीन रोप लावताना एकदा वर बघा. तारेखाली पिंपळ, निलगिरी नको. जास्वंद, तगर, कढीपत्ता चालेल.

तार तुटून जमिनीवर पडलेली दिसली, तर किमान दहा मीटर लांब राहा, इतरांनाही थांबवा. तिच्याभोवतीच्या जमिनीतही वीज पसरलेली असते, आणि दोन पायांत अंतर पडलं की ती एका पायातून दुसऱ्यात जाते. गाडीवर तार पडली तर आतच बसून राहा आणि मदतीला फोन करा. कुणी तारेला चिकटलेलं असेल, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका. हे फार कठीण आहे, मला माहीत आहे. पण धावत गेलेला माणूस बहुधा दुसरा बळी होतो.

शेवटी एक सांगतो. झाड तोडायचं आपण ठरवतो, पण चढतो दुसराच. बहुधा नाक्यावरून रोजानं आणलेला, कोयता घेऊन आलेला. त्याला नाही म्हणणं परवडत नाही, म्हणून तो ‘होतंय साहेब’ म्हणतो. ती जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. वीज कंपनीचा माणूस येऊन तार बंद झाल्याचं सांगेपर्यंत त्याला खाली बसवा, चहा द्या, त्या दिवसाची मजुरी द्या. आणि पावसाळ्याआधी फांद्या छाटण्यासाठी तुमच्या भागातली वीज चार तास बंद राहील असा संदेश आला, तर चिडण्याआधी एवढं आठवा की त्या चार तासांत कुणीतरी तारेपाशी उभा असतो.

आपल्या दारातली फांदी आज एकदा बघून घ्या.