बाकड्यावर बसा

(माझगाव गोदीशेजारच्या वस्तीत भरलेल्या युवक मेळाव्यातलं भाषण)



माझ्या आधीचे मित्र नोकऱ्यांवर बोलले, अत्याचारांवर बोलले, शिष्यवृत्तीवर बोलले. मला विचारलं, तू कशावर बोलणार? म्हटलं, बागेवर. दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, कवी झालास म्हणून फुलं-बिलं सुचायला लागली काय? हसा. फुलांवर बोलणारे मराठीत पोत्यानं झालेत, त्यांना माझी गरज नाही. मी बाकड्यावर बोलायला उभा आहे. सिमेंटचं, लोखंडी पायाचं, महापालिकेच्या म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाचं बाकडं.

गावात आपल्याला बाकडं नव्हतं. पार होता. वडाचा नाहीतर पिंपळाचा, दगडी बांधणीचा. त्यावर गाव बसायचं, पान खायचं, निवाडे करायचं. आपला आजा पाराखाली उभा. सांगावा घ्यायचा, पंचक्रोशीत पोचवायचा, परत येऊन पुन्हा उभा. वतनात त्याला मेलेलं ढोर मिळालं, येसकराची काठी मिळाली, बसायची जागा काय मिळाली नाही. विसावा हीसुद्धा वरच्या आळीची मालमत्ता होती. जो दिवसभर उभा, तोच संध्याकाळीही उभा. मनूनं आपल्याला काय काय नाकारलं याची यादी आपण पाठ म्हणतो. त्या यादीत ‘बूड टेकणं’ हाही शब्द घाला.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला. सार्वजनिक पैशाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. त्या यादीत बाग नाही. कशी असेल? ज्याला पाणी मिळत नाही तो हिरवळ कुठून मागणार? १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागद ओला व्हायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब चालत गेले, मागून हजारो माणसं गेली, आणि ओंजळीनं पाणी प्यायली. पुढं राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबरोबर करमणुकीची ठिकाणं आणि लोकांच्या राबत्याच्या सगळ्या जागा आल्या. म्हणजे बाग आली, मैदान आलं, बाकडं आलं. तळ्याचं दार आपण पायानं उघडलं. बागेचं दार नुसतं कलमात उघडून ठेवलंय. आपण आत जातो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

‘बाग म्हणजे पांढरपेशांची चैन, आपण क्रांतीचं बोलू’ असं ज्यांना वाटतं त्यांना एक गोष्ट सांगतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव नावाचा एक विद्यार्थी होता. घर म्हणजे परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्यात चूल, धूर, भांडीकुंडी, सरपण, उशाशी जातं, पायथ्याशी शेळी. तिथं पुस्तक उघडायचं कुठं? तो शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसायचा आणि वाचायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे मास्तर यायचे. रोज वाचत बसलेला पोरगा त्यांनी हेरला, चौकशी केली, पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली. अध्यक्ष हेच बोले. केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. पुढं केळुसकरांच्याच शब्दावर सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली.

मित्रांनो, बुद्ध आपल्या घरात पहिल्यांदा कुठल्या वाटेनं आला बघा. चर्नी रोडच्या बागेतल्या बैठकीवरून आला. त्या बागेला तेव्हा तिकीट असतं, दारावर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी असती, पहारेकऱ्यानं ‘ए पोरा, ऊठ’ म्हटलं असतं, तर? मी इतिहासाचा पंडित नाही, मॅट्रिक आहे. पण हा ‘तर’ मला झोपू देत नाही.

म्हणून सांगतो, बाग ही आपल्यासाठी हवा खायची जागा नंतर. आधी ती आपल्या घरात नसलेली खोली आहे. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. त्यात तीन पिढ्या, देव्हाऱ्यावरचे बाबासाहेब, मोरी, शिलाई मशीन. झोपडीची मापं मी सांगत नाही, तुम्हीच राहता. ज्याच्या घरात अभ्यासाची वेगळी खोली आहे, बाल्कनी आहे, त्याला बाग म्हणजे डॉक्टरनं सांगितलेलं चालणं. आपल्याला बाग म्हणजे बापाचं खोकणं ऐकू न येता दोन पानं वाचण्याची जागा. बायकोशी भांडायचं तर शेजाऱ्याला न ऐकवता भांडायची जागा. प्रेम करायचीसुद्धा. लाजू नका, चाळीत राहून कोण कुठं प्रेम करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता ही खोली केवढी? मुंबईत माणशी मोकळी जागा एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगतात. सव्वा चौरस मीटर म्हणजे किती, ते आमच्या गोदीवाल्यांना विचारा. माल रचायचा लाकडी पॅलेट असतो ना, फोर्कलिफ्टनं उचलायचा, तेवढं. एका पॅलेटवर एक मुंबईकर. त्यातही कुणाच्या वाट्याला रेसकोर्स येतो, कुणाच्या जिमखाना, आणि आपल्या वाट्याला पॅलेटची फळी.

जिमखान्यांचंही ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर सरकारनं जिमखान्यांना जमिनी दिल्या. पारशांचा एक, मुसलमानांचा एक, हिंदूंचा एक. हिंदूंच्या बाजूनं बॉल टाकायला पळवणकर बाळू लागायचे, जातीनं चांभार. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराच्या वर बळी घेतले. आणि पुण्यात सुरुवातीच्या दिवसांत त्याच बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून. मैदानाला त्यांचा डावा हात चालत होता, ओठ चालत नव्हते.

आता कपबशी वेगळी नाही. आता तिकीट वेगळं. राणीच्या बागेत रविवारी सगळी चाळ जायची, चटणी-भाकरी बांधून, पोरांना हत्ती दाखवायला. पाच रुपये तिकीट होतं. पेंग्विन आले आणि २०१७ साली मोठ्या माणसाचं तिकीट पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभर. आपल्या घरात चौघंच असतात, हे त्यांना कोणी सांगितलं? पेंग्विनशी माझं काही वैर नाही. तोही बिचारा आपल्यासारखाच गाव सोडून आलेला. पण त्याला थंडगार खोली आणि आपल्याला पत्रा, एवढं माझ्या डोळ्यांना दिसतं.

गिरण्यांच्या जमिनीची कथा तर तुमच्या आई-बापांनी डोळ्यांनी पाहिलेली. १९९१ च्या नियमानं जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमाचा अर्थ बदलला. वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीची, शेड उभी असलेली जमीन वाटणीबाहेर. गिरणीत शेड, चिमणी, गोदाम सोडून रिकामं ते काय असतं? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल उचलून धरला. गिरणगावच्या पोरांची बाग अशी एका वाक्याखाली गाडली गेली. आता तिथं मॉल आहे. मॉललाही बाकडी असतात, पण तिथं बसलं की कोणीतरी खिशाकडं बघतं.

आणि आपला समुद्र! आपण राहतो पूर्वेच्या किनाऱ्यावर. पी. डिमेलो रोडनं वाडीबंदरापासून चालत निघा, समुद्र दिसतो का सांगा. भिंत दिसते. भिंतीमागं धक्का, क्रेन, कंटेनर. मी रोज त्या भिंतीच्या आत जातो, पाण्याच्या काठावर उभा राहून घाम गाळतो, पण बाजूला बसून समुद्र बघायला गेलो की तो गुन्हा. माझ्या आईला समुद्र बघायचा तर भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या गर्दीत, नाहीतर बस पकडून चौपाटीला. पश्चिमेला मरीन ड्राइव्ह आहे, वरळीचा किनारा आहे, आता कोस्टल रोडच्या कडेनं चालायला नवा रस्ता झाला. छान झाला, जाऊन या, तो आपल्याही पैशाचा आहे. पण पूर्वेच्या भिंतीला एखादी खिडकी पाडा, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात का नाही? शिवडीच्या खाडीवर थंडीत रोहित पक्षी येतात, ते बघायला गाड्या घेऊन माणसं येतात. शेजारी राहणारी आपली पोरं तिकडं पाठ करून मोबाइलवर. याला काय म्हणायचं?

आता दाराशी या. बऱ्याच बागांना वेळ असते, सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी कुलूप. ही वेळ ऑफिसातल्या साहेबाची. रात्रपाळी करून सकाळी सुटलेला, दुपारी पत्र्याच्या घरात भाजणारा माणूस त्या वेळापत्रकात बसत नाही. मग पाटी : झोपू नये. कपडे वाळत घालू नयेत. जेवू नये. टोळक्यानं बसू नये. अरे, मग काय करावं? बाकड्याच्या मध्ये लोखंडी दांडा बसवलेला. तो हात टेकायला आहे असं सांगतात. पाठ टेकू नये म्हणून तो आहे, हे गोणी वाहणाऱ्याची पाठ लगेच ओळखते. एका बागेत मी पाळी संपवून, अंगावर सिमेंटची पूड घेऊन बसलो होतो. रखवालदार आला, म्हणाला, “ऊठ, हितं बिगारी लोकांनी बसायचं नाय.” त्याची बोली आपलीच. कदाचित वस्तीही आपलीच. त्याला बारा तासांचा पगार ठेकेदार देतो. मी त्याला विचारलं, तू कधी बसलास का या बाकड्यावर? तो बघतच राहिला. दोघं बसलो मग. तंबाखू मळली.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. आता तुमच्यावर येतो, माना थांबतील. वस्तीच्या तोंडाशी जी लहान बाग आहे, चार घसरगुंड्या आणि सहा बाकडी, ती कोणी अडवलीय? आपणच. तीन बाकड्यांवर पत्ते, एकावर दारू, उरलेल्या दोनांवर वाढदिवसाचे बॅनर बांधणारे भाई. घसरगुंडीखाली बाटल्यांच्या काचा. आपल्या बहिणी शाळेतून येताना त्या बागेच्या पलीकडच्या फुटपाथनं, मान खाली घालून जातात. माझी आई तीस वर्षं या वस्तीत राहिली, एकदाही त्या बाकड्यावर बसली नाही. घरकामाला जाते तिथल्या सोसायटीच्या बागेत लहान मुलाला झोका देताना उभी असते. तिथंही उभी! पार आपल्याला नाकारला म्हणून आपण ओरडतो, आणि आपल्याच बायांना आपण पारावर बसू देत नाही. हे ब्राह्मण्य कुणाचं? मोर्च्यात बायका पुढं लागतात, बागेत मागं. बागेतला संडास कायम कुलपात असतो, त्याचा त्रास तुम्हाला नाही, भिंत तुम्हाला पुरते. म्हणून तुम्ही कधी त्यावर अर्ज केला नाही.

आणि ६ डिसेंबर. शिवाजी पार्क १९२५ सालापासून लोकांचं मैदान आहे. २०१० मध्ये हायकोर्टानं तो शांतता विभाग ठरवला, तरी ६ डिसेंबर आपला आहे. लाखो माणसं येतात, मांडवात झोपतात, पुस्तकांची पोती विकत घेऊन जातात. आणि दरवर्षी आजूबाजूला कुजबुज : घाण झाली, वास येतो, फिरायला जागा नाही. वर्षाचे बाकीचे दिवस फिरता ना? दोन रात्री एक म्हातारी विदर्भातून येऊन त्या गवतावर पाठ टेकते, त्यानं मैदान बाटतं? तिला त्या मैदानात झोपताना बघा. इतकी निवांत झोप मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

मैदानं आपल्या सभागृहांच्या जागी होती. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींतली पँथरची सभा मैदानातच भरली होती, पाठोपाठ दंगल पेटली. १० तारखेला परळला मोर्च्यात भागवत जाधव शहीद झाले. आता तिथं टॉवर उठतायत. १६० फुटांऐवजी ५०० फूट मिळतायत, २०२५ मध्ये पहिल्या चाव्याही दिल्या. चांगलं आहे, आनंद आहे. पण नकाशात मैदान किती राहिलं, त्याला कुंपण कुणाचं, चावी कुणाकडं, हे विचारा. आपल्या वस्तीचा नकाशा येईल तेव्हाही हेच आधी विचारा. नळ आणि मीटर सगळेच विचारतात. आणि ‘देखभालीसाठी दत्तक’ असं म्हणून मैदान कुणा क्लबाला द्यायचा कागद दिसला तर त्याच रात्री मला उठवा. मी पाळीवर असलो तर गेटवर निरोप द्या.

लांबण पुरे. येत्या रविवारी सकाळी आपण डॉकयार्ड रोड स्टेशनामागची टेकडी चढायची. वर काका बाप्टिस्टांच्या नावाची बाग आहे. हा माणूस माझगावचा, टिळकांचा साथी, कामगारांचा वकील, मुंबईचा महापौर झालेला. बागेखाली पाण्याचा हौद आहे, आणि वरून अख्खी गोदी दिसते. भिंतीच्या आतलं सगळं. आई-बहिणींना पुढं चालू द्या, बाकडी त्यांची. पोरांनी गवतावर बसायचं. ज्याच्याकडं जे पुस्तक असेल ते आणा, नसेल त्यानं भाकरी आणा. सतरंजी मी आणतो. पत्ते घरी ठेवा. काचा आधी उचलायच्या, मग बसायचं. रात्रपाळीवाल्यांनी गेटमधून सुटलं की सरळ तिकडंच यावं. वाचन चालू असताना झोप लागली तर लागू द्या. उठवायला कोणी आलाच, तर त्याच्याशी मी बोलतो.

जय भीम.