दंड की दाम?

दैनंदिन मानवी व्यवहारांना अर्थशास्त्राची कसोटी लावल्याबद्दल गॅरी बेकर यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक लाभले. दंड वाढला की अपराध घटतो, हे त्या विचारातील एक सूत्र. इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांत मात्र विपरीत घडले. मुलांना नेण्यास दहा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. तेव्हा उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. ग्नीझी व रुस्टिकिनी यांचा हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शिक्षिका ताटकळते याचा पूर्वी संकोच वाटे. आता तो पैशाने फिटू लागला. दंड रद्द केल्यावरही उशीर ओसरला नाही.

म्हणून दंडाची रक्कम ठरवताना, तिच्या बदल्यात कोणती लाज गमावली जाईल, याचाही विचार प्रत्येक संस्थेने अवश्य करावा.