उत्तर दाराच्या तुळईवरचं नाव



अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला, साधारण दोन किलोमीटरवर, वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचं शिवमंदिर उभं आहे. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरच्या दाट वस्तीतून वाट काढत कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. देऊळ कुणी बांधलं, असं इथे विचारलं की बहुतेक जण सांगतात, पांडवांनी, एका रात्रीत. माथा अपुरा का, याचंही उत्तर त्यातच असतं. उजाडलं आणि काम राहून गेलं.

देवळाचा दगड मात्र दुसऱ्याच एका घराण्याचं नाव सांगतो. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूने, संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे साल आहे आणि महामंडलेश्वर मामवाणिराज हे नाव. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला, तेव्हा साल शके ७८२ असं लागलं होतं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी पुन्हा बारकाईने पाहून ते ९८२ असल्याचं दाखवलं. एका अंकाने देवळाचं वय दोनशे वर्षांनी कमी झालं आणि ते आपल्या खऱ्या धन्याच्या नावावर लागलं.

हा मामवाणि, म्हणजेच मुम्मुणी, उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला. शिलाहार स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. नागाचा जीव वाचवण्यासाठी जीमूतवाहन स्वतः शिळेवर जाऊन बसला आणि गरुडाचा आहार व्हायला तयार झाला, अशी ती कथा. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार. ताम्रपटांत हे राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ असं बिरुद लावतात. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. निशाण सोन्याच्या गरुडाचं.

घराण्याच्या तीन शाखा होत्या. एक दक्षिण कोकणात, एक कोल्हापूरला आणि तिसरी आपली, ठाण्याची. नवव्या शतकाच्या सुरुवातीला पहिला कपर्दी राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून इथे आला. ‘पुरीप्रमुख चौदाशे गावांचं कोकण’ असं या राज्याचं वर्णन लेखांत येतं. कान्हेरीच्या लेण्यांत याच शाखेतले राजे पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी यांच्या काळचे लेख आहेत. त्यांत बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, ग्रंथांसाठी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. ९९७ साली याच शाखेतल्या अपराजित राजाने भिवंडीजवळचं भादाणे गाव लोणादच्या लोणादित्याला, सूर्यदेवाला, दिलं. पुढे शिवाचं एवढं मोठं देऊळ याच घराण्याने उभारलं.

ते एका रात्रीत तर नाहीच, एका कारकिर्दीतही झालं नाही. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ पाठोपाठ गादीवर आले. छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं, असं अभ्यासक मानतात. याच तिघांच्या आश्रयाला लाट देशातून आलेला कवी सोड्ढल राहिला आणि त्याने ‘उदयसुंदरीकथा’ लिहिली. एकीकडे पाथरवटांची छिन्नी, दुसरीकडे कवीची लेखणी, दोन्हींना एकाच घरातून अन्न मिळत होतं.

देवळात शिरलं की ते घर किती जाणतं होतं, हे कळतं. मंडपाचे खांब कोरीवकामाने भरलेले आहेत. गाभारा मात्र मंडपाच्या पातळीला नाही. अरुंद पायऱ्या उतरत खाली जावं लागतं. दगडाचा गारवा अंगाला लागतो, पाय आपोआप जपून पडतात. खाली पिंडीपाशी उभं राहून मान वर केली की छत नाही, आभाळाचा तुकडा दिसतो. बाहेरून शिखर पाहिलं तर छोट्या छोट्या शिखरांच्या आडव्या-उभ्या ओळी रचत नेलेल्या दिसतात. या घडणीला भूमिज शैली म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या तिच्या सर्वांत जुन्या देवळांपैकी हे एक.

घराण्याचा शेवट समुद्रात झाला. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने कोकणावर चाल केली. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर जहाजांचा आधार घेऊन लढला आणि बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ती हकिगत नोंदवून ठेवली आहे. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत, त्यांच्यावर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती हीच लढाई असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

महाशिवरात्रीला अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरची माणसं पहाटेपासून इथे रांग लावतात. त्या गर्दीत एखादी आजी नातवाला पांडवांची गोष्ट सांगत असते. ती तिने जरूर सांगावी. मग उत्तरेच्या दारापाशी दोन मिनिटं थांबून त्याला वरची तुळई दाखवावी आणि तिथलं नावही सांगावं: मामवाणिराज, शके ९८२.