मच्छरदाणीची कड

मे महिन्यात वीज गेली, की आमच्या डोंबिवलीच्या चाळीतली माणसं चटया घेऊन ओट्यावर यायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चाळीमागे तेव्हा भातखाचरं होती. अब्बा मात्र बाजेशिवाय आम्हा भावंडांना बाहेर झोपू देत नसत. वर मच्छरदाणी, तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. शेजारची पोरं गप्पा मारत लोळायची, आणि आम्ही लोणच्यासारखे बरणीत!

या हट्टामागे अब्बांचा धाकटा भाऊ होता. मुरबाडकडच्या आमच्या गावी पावसाळ्यात तो जमिनीवर झोपला. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला. घरच्यांनी ओवा दिला. मग घसा आवळला, पापण्या मिटू लागल्या. झोप पुरी झाली नसेल, असं सगळ्यांना वाटलं. अंगावर जखम दिसेना. दुपारी श्वास थांबला. साप हा शब्द तोवर कुणाच्या तोंडी आलाच नव्हता.

ती मण्यार असणार, हे मला फार उशिरा उमगलं. मण्यार रात्री हिंडते. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरातही शिरते. तिचे दात इतके बारीक, की झोपलेल्याला दंश पुष्कळदा कळतच नाही. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, फुरसं खवले घासून करकरतं. मण्यार मात्र गप्प. कवी असूनही सांगतो, एवढं मौन बरं नव्हे.

२००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून अंगणात झोपणाऱ्याने बाज घ्यावी, लाकडांचा ढीग आणि धान्याची पोती दूर ठेवावीत. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप. पहाटे अशी पोटदुखी आणि जड पापण्या दिसल्या, तर जखम शोधत बसू नये. चिरू नये, आवळून बांधू नये. १०८ला फोन करून मोठं रुग्णालय गाठावं. तिथे प्रतिविष मिळतं, श्वास अडला तर यंत्राचा आधारही.

खाचरांवर आता इमारती आहेत. गेल्या पावसाळ्यात गावी गेलो, तेव्हा नातू कुरकुरला, "नाना, आत गुदमरतं." मी बॅटरी त्याच्या उशाशी ठेवली आणि कड पुन्हा एकदा चाचपून पाहिली.